एझरा पिंकनीचा उजवा हात

एझरा पिंकनी आणि सायलस बर्डसाँग एकमेकांशी किती वेळा लढले, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. ओकलंडला लढले, लॉस एंजेलिसला लढले, डेन्व्हरच्या थंडीत लढले. एकदा तर न्यू ऑर्लिन्सजवळ एका साखर कारखान्याच्या आवारात, उसाच्या चिपाडांवर फळ्या टाकून केलेल्या रिंगमध्ये लढले. कधी एझरा जिंकला, कधी सायलस, आणि पुष्कळदा पंचाने दोघांचेही हात वर केले. त्यात वैर असं काही नव्हतं. दोघंही सर्वांत वजनदार गटातले, दोघंही काळे, आणि त्यांच्यासमोर उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. एखादा नवखा गोरा मुष्टियोद्धा चुकून यायचा आणि जबडा धरून परत जायचा. नाव मिळवलेले होते ते लांबूनच नमस्कार करायचे. आणि जगाचा चॅम्पियन ओवेन स्ट्रॅडर, त्याने तर किताब मिळाला त्याच आठवड्यात वर्तमानपत्रवाल्यांना सांगून टाकलं होतं, "मी रंगाची रेघ ओढतो. काळ्या माणसाशी मी लढणार नाही."

"आपलं नशीब बघ," सायलस म्हणायचा. "मी लग्न केलं असतं तर बायकोशीसुद्धा एवढं भांडलो नसतो."

दोघं पश्चिम ओकलंडला, रेल्वेच्या यार्डाच्या अलीकडे राहायचे. एझरा बायकोबरोबर, आणि दोन घरं सोडून सायलस आपल्या थोरल्या बहिणीकडे, रोझेटाकडे. लढतीच्या गावाला जायचे तेही एकाच डब्यातून. जेवणाच्या डब्यात काळ्यांना बसू देत नसत, म्हणून एझराची बायको डेल्फीन बुटाच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव बांधून द्यायची. ते खोकं मांडीवर घेऊन दोघं ठरवायचे, "माझी ही बरगडी अजून दुखतेय, तिकडे जरा बेतानं." म्हणजे लढती खोट्या असायच्या असं नाही. घंटा झाली की दोघंही मनापासून मारायचे, रक्त निघायचं, दात पडायचे. पण परतीच्या प्रवासात एकाच बर्फाच्या पिशवीने दोघांची तोंडं शेकली जायची.

डोळ्याचं एझराच्या लक्षात आलं ते डेल्फीनच्या टेबलावर. रविवारचं जेवण चाललं होतं. सायलसने काकवीच्या किटलीकडे हात नेला आणि तो हात किटलीच्या बाजूला, रिकाम्या हवेत मिटला. त्याने हसून पुन्हा प्रयत्न केला. डेल्फीनने किटली त्याच्या हातात दिली. जेवणानंतर एझरा त्याला पोहोचवायला निघाला आणि मुद्दाम त्याच्या डाव्या अंगाने, अगदी खांद्याला खांदा लावून चालू लागला. थोडं अंतर गेल्यावर सायलसने हाक मारली, "अरे, मागे का राहिलास?"

एझरा जागच्या जागी थांबला. "कधीपासून?"

सायलसने आधी आसपास कुणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "डेन्व्हरपासून. डाव्या बाजूने पडदा ओढल्यासारखं होतं. आधी कडेला होता, आता मध्यापर्यंत आलाय."

"म्हणजे माझ्याच ठोशाने."

"मग काय पाद्रीबाबाच्या? तुझ्याशिवाय मला मारतंय कोण?"

"डॉक्टरला दाखवू या."

"आणि त्याने कुणाला सांगितलं तर? एकाही गावात मला रिंगमध्ये चढू देणार नाहीत. मग मी काय करू, रेल्वेच्या झोपायच्या डब्यात नोकर होऊन लोकांच्या गाद्या घालू? माझ्या मापाचा कोट तरी आहे का त्यांच्याकडे? एझरा, हे तुझ्या माझ्यात राहू दे."

ते त्यांच्यात राहिलं. डेल्फीनला समजलं होतं, पण ती बोलणाऱ्यांतली नव्हती. मात्र त्या दिवसापासून एझराचा उजवा हात बदलला. त्या हाताचा आडवा ठोसा समोरच्याच्या डाव्या डोळ्यावर, कानशिलावर बसायचा. तोच त्याचा खरा ठोसा, त्याच्यावरच त्याचं नाव झालेलं. आता सायलससमोर तो हात नुसता उचलायचा आणि खांद्यावर, दंडावर उतरवायचा. वर्तमानपत्रांत येऊ लागलं की पिंकनीचा उजवा हात गेला, हाड मोडलं असावं, म्हातारपण आलं असावं. एझराने वाचलं आणि पान मुडपून चुलीशेजारी टाकलं.

त्यालाही किताब हवासा वाटत नव्हता असं नाही. स्ट्रॅडरचं नाव निघालं की तो गप्प व्हायचा. यार्डातली माणसं विचारायची, "काय रे, आडवा आला तर पाडशील का त्याला?" तो म्हणायचा, "येऊ दे की आधी." पण सकाळी खाडीच्या काठाने धावताना त्याच्या डोळ्यांसमोर तोच असायचा. गेली कित्येक वर्षं तो स्ट्रॅडरशी मनातल्या मनात लढत होता. त्याचा डावा हात परतताना जरासा खाली येतो, हे त्याने चित्रांवरून आणि लोकांच्या बोलण्यावरून ताडलं होतं. त्या फटीतून आपला उजवा कसा जाईल, हे त्याला पाठ होतं.

आणि मग एका सकाळी हेल्प्रिन धापा टाकत त्यांच्या दारात आला. मॉर्टन हेल्प्रिन हा दोघांच्याही लढती ठरवणारा गोरा माणूस, अंगाने किरकोळ, तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. वाईट नव्हता. काळ्यांबरोबर एका टेबलाशी बसायचा, एवढं त्या धंद्यात पुष्कळ होतं.

"स्ट्रॅडर लढणार!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "शिकागोच्या पेपरात आलंय. म्हणतो, त्या दोघांनी आधी आपसात काय तो निकाल लावावा. वीस फेऱ्या, बरोबरी नाही. जो जिंकेल त्याच्याशी मी किताबासाठी उतरेन."

एझरा खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. डेल्फीनच्या हातात इस्त्री होती, ती तिने चुलीवर परत ठेवली.

"त्याच्या तोंडचे शब्द आहेत?" तिने विचारलं.

"त्याच्या मॅनेजरचे. एकच ते."

हेल्प्रिन गेल्यावर बराच वेळ घरात कपड्यांच्या वाफेचा वास तेवढा होता. मग डेल्फीन म्हणाली, "आणि सायलसचा डोळा?"

"मी उजवा वापरणार नाही."

"मग हरशील."

"हरेन."

"मग तो जाईल स्ट्रॅडरसमोर. त्या डोळ्याने." एवढं बोलून तिने इस्त्री उचलली.

एझराने ते ऐकलं. पण डोक्यात घेतलं नाही.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सायलस आला. अंगात चर्चचा काळा कोट, त्यावर घट्ट बसलेली गळपट्टी. खुर्चीत न बसता तो दारालाच टेकून उभा राहिला.

"तू काय ठरवलंयस ते मला कळलंय," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं सगळं. ऐक. यावेळी उजवा हात मोकळा सोडायचा."

"नाही."

"अरे, मी सांगतोय ना!"

"तू सांगितलंस म्हणून मी तुला आंधळा करू?"

"मी होणारच आहे आंधळा, आज ना उद्या. तू मार नाहीतर न मार." सायलसचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "एझरा, आपण दोघांनी एकमेकांना मारून मारून कुणाचं भलं केलं? लोक आले, ओरडले, घरी गेले. आज पहिल्यांदा त्या मारामारीच्या पलीकडे काहीतरी दिसतंय. आपल्यातला एक जण पलीकडे जाऊ शकतो. मी जायला निघालो तर पूर्ण ताकदीने निघेन, तुला सोडणार नाही. तूही तसाच ये. तू हात राखून ठेवलास आणि मी जिंकलो, तर ते जिंकणं मला नको. माझ्यावर दया करायला मी काय तुझं मांजर आहे?"

"आधी बस तरी," एझरा म्हणाला.

"बसत नाही. शब्द दे."

एझराने शब्द दिला नाही. सायलस न जेवताच गेला. असं कधी झालं नव्हतं.

लढत खाडीपलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या सभागृहात होती. खाली गोरे, वर सज्जात काळे. रेल्वेतल्या माणसांनी पाळ्या बदलून घेतल्या होत्या, चर्चमधल्या बायकांनी कोंबड्या तळून सज्जात आणल्या होत्या. कितीतरी वर्षांत त्या दोघांच्या लढतीला एवढी गर्दी कुणी पाहिली नव्हती. डेल्फीन आली नव्हती. ती कधीच यायची नाही. ती आणि रोझेटा घरी एकमेकींसमोर बसून शेंगा सोलत होत्या.

घंटा झाली आणि सायलस धावूनच आला. त्याचा डावा हात चाबकासारखा होता. ओठ फुटला, भुवई फुटली, एझराचा एक कान भोंग्यासारखा वाजू लागला. एझरा डाव्याने उत्तर देत होता, अंगाला अंग भिडवत होता. उजवा मात्र हनुवटीशी चिकटलेला. सज्जातून कुणीतरी ओरडलं, "पिंकनी, दुसरा हात बायकोकडे ठेवून आलास काय?" लोक हसले. कोपऱ्यात हेल्प्रिन स्पंज पिळत म्हणाला, "अरे बाबा, हरतोयस तू! सरळ सरळ हरतोयस!"

अर्धी लढत झाली असेल. दोघं एकमेकांना मिठी मारून दोरांवर रेलले होते. सायलसची हनुवटी एझराच्या खांद्यावर होती. तो धापा टाकत पुटपुटला, "मी जिंकतोय, दिसतंय का तुला? मी जाणार स्ट्रॅडरसमोर. असा, एका डोळ्याने. त्याला माझ्या डाव्या बाजूने यायला काय लागतं? तो राखून मारणार नाही, गड्या. त्याच्यासमोर मी मरेन. हेच हवंय तुला?"

पंचाने त्यांना सोडवलं. एझरा दोन पावलं मागे गेला. डेल्फीन त्या सकाळी काय म्हणाली होती ते आता कुठे त्याच्या आत उतरलं. समोर सायलस उभा होता, मान किंचित डावीकडे वळवून, उरलेल्या डोळ्याने त्याला शोधत. त्या क्षणी एझराच्या मनात राग नव्हता, जिंकायची हावही नव्हती. कुठलातरी जड दरवाजा आपल्यालाच ढकलायचा आहे आणि दुसरं कुणी येणार नाही, एवढंच त्याला वाटलं.

त्याने उजवा हात सोडला.

पहिला ठोसा सायलसला दिसलाच नाही. दुसराही नाही. तो गुडघ्यांवर आला, उठला, हसला, आणि पुन्हा भिडला. त्याने शब्दाप्रमाणे काही राखून ठेवलं नाही. त्याने एझराच्या पोटात असा ठोसा हाणला की एझराचा श्वास कोंडला. मग एझराने पुन्हा उजवा फिरवला, मनापासून, खांद्यासकट, आणि तो बसल्याचा आवाज वर सज्जापर्यंत गेला.

सायलस पडला आणि उठला. उठून त्याने मुठी वर केल्या, हनुवटी छातीशी घेतली, अगदी नीट पवित्रा घेतला, आणि रिंगच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खांबाकडे तोंड करून उभा राहिला. एझरा त्याच्या पाठीमागे होता. सभागृहातली आरडाओरड हळूहळू थांबली. सायलसने हवेत एक ठोसा मारला. मग थांबून, मान तिरकी करून कानोसा घेतला.

पंचाने लढत थांबवली. एझरा पुढे झाला आणि त्याने मागून त्याला मिठीत धरलं.

"मी आहे," तो म्हणाला.

"कोण जिंकलं?"

"मी."

"मग रडतोस कशाला, मूर्खा? चल, मला माझा कोपरा दाखव."

डावा डोळा गेला तो गेलाच. उजवाही सुजून बंद झालेला, तो उघडला, पण त्यातून दिसायचं ते धुक्यातून पाहिल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, हाही फार दिवस टिकायचा नाही. रोझेटाने एझराला घरात घेतलं, कॉफी दिली, पण त्याच्याशी बोलली नाही. एझरा रोज जायचा, सायलसला दाढी करून द्यायचा, आणि तिचं न बोलणं ऐकून यायचा.

आणि सगळे वाट पाहू लागले. यार्डात, न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न, "बोलला का स्ट्रॅडर?" एझराने सकाळचं धावणं पुन्हा सुरू केलं. मग एक दिवस हेल्प्रिन आला, यावेळी हळूहळू चालत. दारात उभा राहून त्याने टोपी काढली. त्यावरूनच डेल्फीनला समजलं.

"तो म्हणतो," हेल्प्रिन म्हणाला, "असं आश्वासन त्याने कधी दिलंच नव्हतं. म्हणतो, किताब माझ्याकडे आहे तोवर तो माझ्या वर्णाबाहेर जाणार नाही."

 हेल्प्रिन थोडा वेळ पायरीवर बसून राहिला, गोळी चघळत, आणि उठून गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी स्ट्रॅडरच सॅन फ्रान्सिस्कोला आला. लढायला नव्हे, नाटकात काम करायला. चॅम्पियन झाला की असं करायची पद्धत होती. नाटकात तो लाकूडतोड्या होता, शेवटच्या अंकात गुंडांना लोळवून नायिकेला सोडवायचा. आणि नाटक संपल्यावर पडद्यासमोर येऊन छाती फुगवून सांगायचा, "या सभागृहात कुणाची हिंमत असेल तर वर यावं, चार फेऱ्या माझ्यासमोर टिकून दाखवावं."

एझरा दुपारच्या खेळाला गेला. एकट्याने जाणार होता, पण सायलस ऐकेना. "नाटक बघायचंय मला," तो म्हणाला. "जेवढं दिसेल तेवढं."

सज्जात बसून दोघांनी लाकूडतोड्याचं सगळं प्रेम आणि सगळी मारामारी पाहिली. शेवटी स्ट्रॅडर पुढे आला आणि त्याने आव्हान दिलं. एझरा उभा राहिला.

"मी येतो," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण भरदार होता. "एझरा पिंकनी, ओकलंड. मी तुमच्याशी लढायचा हक्क जिंकलेला माणूस आहे, मिस्टर स्ट्रॅडर."

खालची सगळी डोकी वर वळली. आधी शिट्ट्या, मग "बसवा त्याला!" सज्जाच्या दारातला पोलीस पुढे सरकला. स्ट्रॅडरने कपाळावर हात धरून वर पाहिलं. एझराला वाटलं, तो काहीतरी वेगळं बोलणार. पण तो म्हणाला, "मी काळ्यांशी लढत नाही. हे सगळ्या जगाला माहीत आहे," आणि खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

दोघं गल्लीत बाहेर पडले. उन्हात काळ्या चष्म्याआड डोळे मिचकावत सायलस म्हणाला, "नायिका बरी होती का रे?" एझराला हसू आलं नाही. इतक्यात मागच्या दारातून एक नोकर धावत आला. चॅम्पियनने आत बोलावलं होतं.

स्ट्रॅडर आरशासमोर बसला होता. तोंडावर अजून नाटकाचा रंग, गालांना लाली, भुवया कोळशाने जाड केलेल्या. त्याने नोकराला बाहेर घालवलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. जवळून तो चित्रांतल्यापेक्षा थकलेला दिसत होता.

"बस," तो म्हणाला. कुणी बसलं नाही.

"तुमची ती लढत मी पाहिली," स्ट्रॅडर म्हणाला. "कुणाला माहीत नाही. टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या भिंतीला टेकून उभा होतो."

"मग?" एझरा म्हणाला.

"पेपरवाले लिहीत होते, पिंकनीचा उजवा हात गेला. म्हणून माझा मॅनेजर म्हणाला, बोलून ठेवू, बोलायला काय जातं, हात नसलेल्या माणसाशी लढायला हरकत नाही. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आणि मग तू तो हात सोडलास." त्याने फडक्याने गाल पुसला. फडक्यावर लाल डाग उमटला. "माझा डावा परतताना खाली येतो. माझ्या गुरूने दहा वर्षं शिव्या दिल्या त्यापायी, गेला नाही. तू ते ओळखून आहेस. आहेस की नाही?"

"आहे."

"तेच. मला जमायचं नाही ते, पिंकनी. मी हरेन."

खोलीत आरशाजवळचा दिवा सुंई सुंई करत होता. इतकी वर्षं जे ऐकायची त्याची इच्छा होती ते एझराने ऐकलं, आणि त्याला आत काहीच गवसलं नाही. त्याला फक्त तो हात आठवत राहिला. मित्राला वाचवायला जपून ठेवला म्हणून दार उघडलं, आणि मित्राला वाचवायलाच सोडला म्हणून दार बंद झालं.

"हे बाहेर येऊन सांगा," तो म्हणाला. "पडद्यासमोर. आत्ता म्हणालात तसंच."

"वेडा आहेस का? ते लोक मला जिवंत ठेवतील? मी एकटा हरत नाही. मी हरलो तर ते सगळे हरतात, असं त्यांना वाटतं. माझ्या जिवावर एवढी मोठी गोष्ट त्यांनी बांधलीय." मग त्याची नजर सायलसकडे गेली, त्याच्या काळ्या चष्म्याकडे. "हाच का तो दुसरा? डोळा... बरा आहे का?"

"एक गेलाय," सायलस म्हणाला. "दुसरा निघायच्या तयारीत आहे. तुमच्या मॅनेजरला सांगा, बोलायला हे जातं."

स्ट्रॅडरने मान खाली घातली. एझराच्या मुठी वळल्या होत्या. त्याला दिसत होतं, समोरच्या माणसाचे हात मांडीवर पडलेले आहेत, दार बंद आहे, आणि हे सगळं एका ठोशाचं काम आहे. आणि त्यानंतर काय होईल तेही दिसत होतं. पोलीस, गोऱ्यांचा जमाव, दोर, झाड. आणि तो ठोसाही मग लढत ठरणार नव्हता.

सायलसला बहुतेक ते समजलं. तो पुढे झाला. "मिस्टर स्ट्रॅडर, जरा हात द्या." स्ट्रॅडरने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. सायलसने तो धरला, पण हलवला नाही. घोडा पारखावा तसा तो मनगटावरून वर दंडापर्यंत, खांद्यापर्यंत चाचपत गेला, मग दुसऱ्या हाताने बरगड्यांवर दोन थापा मारल्या. चॅम्पियन निमूट बसून राहिला.

"एझरा," सायलस वळून म्हणाला, "हा सहाव्या फेरीच्या पुढे गेला नसता. चल, बोट चुकेल."

सायलसने ही हकीकत सगळ्यांना सांगितली. न्हाव्याच्या दुकानात सांगितली, चर्चच्या जेवणात सांगितली. एकाही वर्तमानपत्राने छापली नाही. हेल्प्रिनने ओळखीच्या बातमीदाराला सांगून पाहिलं, तो हसला. पण रेल्वेत गाद्या घालणाऱ्या माणसांनी ती आपल्याबरोबर नेली, ओमाहाला, शिकागोला, पार मेम्फिसपर्यंत. पुढच्या वर्षी तिकडचाच एक जण यार्डात आला आणि एझराला न ओळखता सांगू लागला, "तुला माहितेय का, कॅलिफोर्नियात आपला एक माणूस होता, त्याच्यासमोर चॅम्पियन गुडघे टेकून रडला म्हणे." एझरा म्हणाला, "रडला नव्हता. गुडघेही टेकले नव्हते." तो माणूस रागावला. "तुला काय माहीत? तू होतास का तिथे?"

रोझेटाने ही गोष्ट ऐकली तेव्हा ती शिवणकाम करत होती. तिने एझराला दोनदा पहिल्यापासून सांगायला लावली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू तो हात सायलससाठीच आवरला होतास. इतके दिवस." आणि बऱ्याच काळाने पहिल्यांदा तिने त्याला जेवायला थांबवलं.

हेल्प्रिन आणखी एकदा आला. टेक्सासहून एक तरुण, तगडा काळा मुष्टियोद्धा आला होता. एझराने त्याच्याशी लढावं, आणि जिंकेल त्याच्याशी यावेळी चॅम्पियन नक्की लढेल, असं कुणीतरी म्हणत होतं.

"कोण म्हणतंय?" एझराने विचारलं.

"त्याचा मॅनेजर."

"मिस्टर हेल्प्रिन, आधी चॅम्पियनला रिंगमध्ये आणा. हातमोजे चढवून, माझ्या समोरच्या कोपऱ्यात उभा करा. मग मला हाक मारा, मी म्हातारा झालो असलो तरी येईन. पण आमच्यातला आणखी एक जण मी त्याच्यासाठी मोडणार नाही."

"मग तुला दुसरी लढत मिळणार नाही, एझरा."

"माहीत आहे."

मिळाली नाही. तो बोटीच्या धक्क्यावर माल वाहणाऱ्या हमालांचा मुकादम झाला. स्ट्रॅडर अजिंक्य म्हणून निवृत्त झाला आणि किताब दुसऱ्या दोन गोऱ्यांतल्या लढतीवर ठरला. सायलसचा दुसरा डोळा डॉक्टरने सांगितलं होतं तसाच गेला. तो खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायला शिकला. बोटांना त्याच्या पहिल्यापासूनच अक्कल होती.

सुट्टीच्या दिवशी एझरा त्याला हाताला धरून धक्क्यावर न्यायचा. दोघं लाकडाच्या ओंडक्यावर बसायचे, सायलस पाण्याचा आवाज ऐकायचा आणि एझरा कुठली बोट आली ते सांगायचा. अशाच एका दुपारी एझरा आपणहून बोलला. तो असं फारसं बोलायचा नाही.

"मी अजून लढतो त्याच्याशी," तो म्हणाला. "स्वप्नात. त्याचा डावा खाली येतो, फट दिसते, आणि माझा उजवा निघतो. पोहोचायच्या आधी जाग येते. दर वेळी."

सायलसने पाय लांब केले. "माझं बरं आहे," तो म्हणाला. "मला स्वप्नात दोन्ही डोळ्यांनी दिसतं. पण समोर उभा कोण? तूच! इतकं मोठं जग, आणि झोपेतसुद्धा मला दुसरा कुणी भेटत नाही."

"मारतो का मी?"

"मारतोस की. मीही मारतो."

"कोण जिंकतं?"

सायलसने मान पाण्याकडे वळवली. खाली खांबांवर पाणी आपटत होतं. "ते नाही बघत मी," तो म्हणाला. "घंटा झाली की आपण गाडीत असतो. खोक्यात कोंबडी असते."

 समोरून सॅन फ्रान्सिस्कोची बोट धक्क्याला लागत होती. एझराने तिचं नाव सायलसला वाचून दाखवलं.